बटईने शेती करतो, पीएम किसानचे पैसे मला मिळतील का?

नाही मिळणार, किती का वर्षं बटईने करत असाल, पीएम किसानचे वर्षाचे ६००० आणि वर राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे पैसे, दोन्ही सातबाऱ्यावर नाव असेल त्याच्याच खात्यात जातात, मग मालक पुण्यात राहत असला तरी. नियमच तसा आहे, १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत जमीन नावावर झालेली पाहिजे, त्यानंतरची फक्त वारसाने आलेली चालते. बियाणं, खत, फवारणी तुमच्या खिशातून आणि हप्ता दुसऱ्याला, हे अन्यायाचंच आहे. पीक विम्याचं मात्र वेगळं, रजिस्टर केलेला भाडेकरार असेल तर तुमच्या नावाने विमा भरता येतो, पण कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, या भीतीने बरेच मालक करार लिहूनच देत नाहीत, तेवढं आधी बोलून घ्या.