जोर लावूनही पोहण्याचा वेग का वाढत नाही?

तुम्ही विचारलंय की रोज तासभर पोहता, हातपाय जोरात मारता, दम निघतो, तरी 25 मीटरची वेळ तीच राहते. पाणी खरंच इतकं अडवतं का? हो, अडवतं. आणि जितक्या वेगात घुसाल तितकं जास्त अडवतं.

पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन. त्यात वेग दुप्पट केला की अवरोध साधारण चौपट होतो, आणि लागणारी शक्ती आठपट. नुसता 10 टक्के वेग वाढवायचा तरी 33 टक्के जास्त शक्ती हवी. एवढी शक्ती दंड-बैठका काढून कुठून आणणार? त्यापेक्षा पाण्याला आडवं येणारं अंग कमी करा.

मी विहिरीत शिकलो, पाठीला डबा बांधून. वरून कोण कधी उडी टाकेल सांगता येत नाही, त्यामुळे मान कायम वर. तलावावर आलो तरी ती सवय सुटेना. मान वर आली की कंबर आणि पाय खाली जातात, अंग तिरकं होतं आणि छातीपासून मांड्यांपर्यंत सगळं पाणी रेटत राहतं. सरांनी एकच काम दिलं: भिंतीला पायांनी रेटा द्यायचा, हात पुढे जोडायचे आणि एकही हात न मारता कुठवर जातो ते बघायचं. मान वर ठेवून मी चार मीटरवर थांबलो. मग कान दंडांच्या मध्ये घेतले, नजर तळाच्या काळ्या पट्टीवर ठेवली, तर सात मीटरच्या पुढे गेलो. रेटा तोच होता! त्या दिवशी मला पोहणं कळलं असं मी मानतो.

मोठ्या स्पर्धांतही हेच दिसलं. 2008-09 मध्ये पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे घट्ट पोशाख आले. ते अंग दाबून गुळगुळीत करायचे, तरंगायलाही मदत करायचे. 2009 च्या रोम जागतिक स्पर्धेत 43 विश्वविक्रम झाले. वर्षभरात जगातले सगळे जलतरणपटू काही एकदम ताकदवान झाले नव्हते. 2010 पासून त्या पोशाखांवर बंदी आली.

पृष्ठभागावर लाटा उठवण्यातही शक्ती जाते, म्हणून सूर मारल्यावर लगेच वर येऊ नका. पाण्याखालून जाणं इतकं फायद्याचं आहे की फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये नियमानेच 15 मीटरची मर्यादा घातली आहे.

खिशांची ढगळ चड्डी घालत असाल तर ती आधी बदला, खिशात पाणी भरतं. श्वास घेताना डोकं उचलू नका, बाजूला वळवा; एक डोळा पाण्यातच राहिला पाहिजे. आणि महिनाभर घड्याळ बघू नका, 25 मीटरला हात किती लागतात ते मोजा. मला 26 लागायचे, आता 19 लागतात. तुमचे आज किती होतात ते कळवा.