कृषी सल्ला : पॉलिहाऊसचा पेपर पाइपावरच का फाटतो?

प्रश्न (खानापूर तालुका): सिमला मिरचीच्या पॉलिहाऊसला 200 मायक्रॉन जाडीचा पॉलिथिनचा पेपर आहे. हमी तीन वर्षांची, पण दुसऱ्याच उन्हाळ्यात तो पाइपावर सरळ रेषेत चिरला. मधला भाग अजून चिवट आहे. भुरीसाठी (पानांवरचा पांढरा बुरशीरोग) गंधक जाळून धुरी देतो. पेपर खोटा निघाला का?

उत्तर: मधला भाग चिवट आहे, तेव्हा पेपर खोटा नसावा. पाइपाची उष्णता आणि गंधक या दोघांनी मिळून तो खाल्ला आहे.

उन्हातले अतिनील किरण पॉलिथिनच्या लांब साखळ्या तोडतात. तुटलेल्या टोकाला हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि ते टोक शेजारची साखळी तोडते. हे थांबवण्यासाठी कारखान्यातच पेपरमध्ये ‘हाल्स’ गटाचे स्थिरक (विघटन रोखणारे रसायन) मिसळतात. ते तुटलेली टोके निकामी करते आणि पुन्हा कामाला लागते, म्हणून अगदी थोडे असले तरी पुरते. पण ते अल्कधर्मी आहे. गंधक जळून निघणारा वायू ओलाव्यात आम्ल होतो, आम्लाने स्थिरकाचे क्षार बनतात आणि त्याचे काम बंद पडते. पेपर दिसायला तसाच राहतो, आतले संरक्षण मात्र गेलेले असते. वरून फवारून ते परत भरता येत नाही.

त्यामुळे गंधकाची धुरी आजच बंद करा. पाण्यात मिसळणारे गंधकही पेपरवर उडते, म्हणून लेबलवर मिरचीच्या भुरीसाठी शिफारस असलेले बिगरगंधकी बुरशीनाशक निवडा. दोन पिकांच्या मधे ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइटने निर्जंतुकीकरण केलेत तर पडदे उघडे ठेवा आणि पेपर आतून साध्या पाण्याने धुवा. क्लोरीनही हाच घात करतो. हमीपत्रात गंधक व क्लोरीनची मर्यादा दिलेली असते. ती ओलांडली तर हमी मिळत नाही, म्हणून घेण्याआधी ते कलम वाचाच.

आता पाइप. एप्रिलच्या उन्हात जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप हात ठेववत नाही इतका तापतो, आणि त्या पट्टीत पेपरचे विघटन कितीतरी वेगाने होते. नवा पेपर बसवल्यावर पाइपावर टेकणारी पट्टी बाहेरून पांढऱ्या, पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाने रंगवा. ऑइलपेंट नको, त्यातला द्रावक पेपरमध्ये मुरतो. कापलेल्या, वेल्डिंग केलेल्या जागी गंज दिसला तर घासून झिंकचा रंग द्या, कारण लोखंडाचा गंज विघटनाला चालना देतो. पेपरला पीव्हीसी पाइप टेकू देऊ नका. पेपर सकाळी थंडी ओसरल्यावर, वारा पडलेला असताना ताणा. भर दुपारी ताणलेला पेपर रात्री आकसून त्याला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगजवळ फाटतो. थंडीत ताणलेला दुपारी सैल पडून वाऱ्याने फडफडतो.

जाडी स्वतः तपासा. 1 मीटर × 1 मीटर तुकडा सोन्याच्या काट्यावर साधारण 184 ग्रॅम भरला पाहिजे. 160 ग्रॅम भरला तर तो 175 मायक्रॉनच्या आसपासचा आहे. रोलचा हातभर तुकडा बिलासोबत अंधारात ठेवा. वर्षाने छतावरचा तुकडा त्याच्याशेजारी ताणून पाहा: चांगला पेपर लांबतो, संपलेला तटकन तुटतो.

प्रश्न (अथणी): द्राक्षासाठी केलेल्या कृषी होंड्याचा (शेततळ्याचा) काळा प्लास्टिक कागद पाण्यावरच्या भागात तडकतोय. काळा असूनही असे का?

उत्तर: काळा रंग म्हणजे संरक्षण नव्हे. कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड) 2 ते 2.5 टक्के आणि बारीक, सारखे मिसळलेले असेल तरच ते किरण शोषते. पुनर्वापराच्या प्लास्टिकचा कागद स्वस्त मिळतो, पण त्यातले स्थिरक आधीच खर्ची पडलेले असते, म्हणून तो उन्हात उघड्या काठावर पहिल्यांदा जातो. 500 मायक्रॉनचा चौरस मीटर साधारण 470 ग्रॅम भरतो, तोलूनच घ्या. ठिगळ लावण्याआधी जुना पृष्ठभाग खरवडा, नाहीतर वरच्या जळक्या थरावर जोड धरत नाही.

प्रश्न (निपाणी): बांधावरची पीव्हीसी पाइपलाइन पांढुरकी पडली आहे. धक्का लागला की फुटते.

उत्तर: उन्हात पीव्हीसीमधून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते, कॅल्शियम-झिंकसारखे स्थिरक ते शोषते, संपले की पाइप ठिसूळ होतो. फुटणाऱ्या नळ्या बदला. नवी लाइन दोन-अडीच फूट खोल गाडा, आणि जमिनीवर राहणाऱ्या व्हॉल्व्हजवळच्या तुकड्याला पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचे दोन हात द्या.