सोफ्रितो आणि सोकार्रात

प्रश्न : पाएया या स्पॅनिश भाताच्या कृतीत 'सोफ्रितो' आणि 'सोकार्रात' हे शब्द आहेत. म्हणजे काय? माझा भात मधोमध करपतो, कडेला कच्चा राहतो.

उत्तर : सोफ्रितो म्हणजे ऑलिव्ह तेलात मंद आचेवर आटवलेला टोमॅटो. टोमॅटो किसणीवर किसा, साल हातात उरते ती टाका. रंग विटकरी होऊन तेल सुटेपर्यंत परता. घाई केली तर आंबट राहतो. पिमेंतोन, म्हणजे स्पॅनिश मिरचीपूड, अगदी शेवटी घाला आणि लगेच काल्दो ओता. काल्दो म्हणजे गरम रस्सा-पाणी. पूड जळली की सगळं कडू.

सोकार्रात म्हणजे आपली खरवडच, पण मुद्दाम आणलेली. बोंबा, म्हणजे आखूड दाण्याचा स्पॅनिश तांदूळ, एक वाटी, काल्दो तीन वाट्या. तांदूळ पसरल्यावर पुन्हा ढवळायचं नाही. ढवळलात तर खीर होईल! साधारण १८ मिनिटांनी पाणी आटलं की आच मिनिटभर मोठी करा. तडतड ऐकू येते, भाजल्याचा वास येतो. धूर दिसला तर उशीर झाला.

तुमचा दोष बहुधा शेगडीचा : पसरट भांडं, छोटा बर्नर. भांडं दर दोन मिनिटांनी सरकवत, फिरवत राहा. आणि 'पाएया' हे मुळात त्या भांड्याचंच नाव.