निराधार अनुदानावर जगणाऱ्या आत्याला कायमची मदत कशी करावी?

तुमची आत्या संजय गांधी निराधार अनुदानावर एकटी राहते आणि तिला आयुष्यभर मदत करायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या आत्तीला (कोल्हापुरात आम्ही आत्याला आत्तीच म्हणतो) आधी वडील द्यायचे, त्यांच्या माघारी मी देतो. अकरा वर्षं झाली.

पहिलं सांगतो, तिला अनुदान सोडायला लावू नका. आत्तीला नवऱ्यानं टाकलेलं. तेव्हा महिन्याला 600 रुपये मिळायचे, 2019 ला 1000 झाले, 2023 पासून 1500. मी एकदा म्हटलं, "आत्ती, सोड की त्या पंधराशेचा नाद, मी देतो." दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, "तुझं देणं तुझ्या मनावर हाय. ते पैसे माझ्या नावावर येत्यात." पुन्हा तो विषय मी काढला नाही.

आता हिशोबाचं. या योजनेला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत लागतं. म्हणून काय आणि कसं देणार ते लपवू नका. तहसील कार्यालयात संजय गांधी योजनेच्या शाखेत विचारा. तोंडी नको, अर्ज देऊन पोच घ्या.

आणि एक खाचखळगा, जो मला वडील गेल्यावर कळला. भावानं बहिणीला कितीही दिलं तरी आयकरात ते तिचं उत्पन्न धरत नाहीत. आत्यानं भाच्याला दिलं तरी तसंच. पण भाच्यानं आत्याला वर्षात 50,000 च्या वर दिलं, की ती सगळी रक्कम तिचं उत्पन्न ठरते. कर कदाचित शून्य लागेल, पण कागदावर उत्पन्न दिसतं. तुमचे वडील देऊ शकत असतील तर त्यांनीच त्यांच्या खात्यातून द्यावं.

मी तिचं लाइटबिल, गॅस आणि बीपीच्या गोळ्या परस्पर भागवतो. हातात दर पाच तारखेला फक्त 1,000, आणि त्याचा हिशोब कधी विचारत नाही. यासाठी पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत माझ्या नावावर 4 लाख ठेवलेत, 7.4 टक्क्यांनी महिन्याला 2,466 रुपये येतात. गेल्या वर्षी माझं काम सुटलं होतं, तेव्हाही तिची पाच तारीख चुकली नाही. पगारातून जमेल तसं देत राहिलो असतो तर नक्की चुकली असती.

65 वर्षं झाली की श्रावणबाळ योजनेचं (निराधार वृद्धांना मिळणाऱ्या सरकारी निवृत्तिवेतनाचं) बघा, सत्तरी ओलांडली की 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड काढा.

हयातीचा दाखला मात्र दरवर्षी आठवणीनं द्या. आमचा एकदा राहिला आणि चार महिने पैसे आले नाहीत. आत्तीनं कुणाला सांगितलं नाही. "चहा सोडलाय, पित्त होतंय," एवढंच म्हणत राहिली. तेव्हापासून तिचं पासबुक दर महिन्याला मी स्वतः भरून आणतो.