स्टीम लाइनला रॉकवूल किती जाड?

प्रश्न : आमच्या सायझिंगमध्ये (सुताला खळ देण्याच्या कारखान्यात) ५० एनबीची, म्हणजे आतून सुमारे ५० मिमी व्यासाची, ३० मीटर स्टीम लाइन उघडीच आहे. दाब ७ किलो, वर्षाला ६,००० तास चालू, जळण ब्रिकेट (शेतकचरा दाबून केलेले ठोकळे), ७ रुपये किलो. रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) आणि ॲल्युमिनियमचा पत्रा धरून मीटरला २५ मिमीसाठी ५५० रुपये, ५० साठी ८०० आणि ७५ साठी १,१५० असा भाव आलाय. ठेकेदार ७५ च घ्या म्हणतोय.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ५० मिमी घ्या. या दाबाला वाफ सुमारे १७० अंशांची असते. उघडा पाइप दर मीटरला साधारण ४९० वॅट उष्णता घालवतो. २५ मिमीच्या थराने ती ५८ वर येते, ५० ने ३८ वर, ७५ ने ३१ वर. ब्रिकेटची उष्णता किलोला ३,८०० किलोकॅलरी आणि बॉयलरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर पहिला थर मीटरमागे वर्षाला ५,८०० रुपयांहून अधिक वाचवतो. पुढच्या २५ मिमीचे जादा २५० रुपये वर्षभरात फिटतात. त्यापुढच्या थराला जादा ३५० रुपये आणि बचत वर्षाला जेमतेम शंभर; म्हणजे फिटायला तीन वर्षांवर. जळण महागलं तर हा हिशेब पुन्हा मांडा.

खरा पैसा जातो तो व्हॉल्व्हवर. ठेकेदार पाइप झाकतात आणि व्हॉल्व्ह, फ्लँज (पाइप जोडणाऱ्या चकत्या) उघडे सोडतात, कारण तिथे काम किचकट आणि बिल मीटरवर. एक उघडा व्हॉल्व्ह निदान एक मीटर उघड्या पाइपाइतकी उष्णता घालवतो : वर्षाला ९५० किलो ब्रिकेट, साडेसहा हजार रुपये. ७५ मिमीच्या हट्टातून तीस मीटरवर मिळून वाचणार तीन हजार! तेव्हा व्हॉल्व्हना काढता-घालता येणारी जॅकेटं शिवून घ्या. पक्कं झाकलंत तर पहिल्याच ग्लँडच्या (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या सीलच्या) गळतीला फिटर ते फोडेल आणि पुन्हा कोणी लावणार नाही. लाइनमधलं पाणी बाहेर सोडून वाफ अडवणारे थर्मोडायनॅमिक आणि थर्मोस्टॅटिक ट्रॅप मात्र झाकू नका. उष्णता बाहेर गेली नाही तर ते वेळेवर उघडत नाहीत आणि कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) तुंबतं.

पत्र्याचा जोड पाइपाच्या माथ्यावर नको, बाजूला खालच्या अंगाला घ्या, वरचा पत्रा खालच्यावर चढवून. पाणी शिरून भिजलेलं रॉकवूल उष्णता अडवत नाही, शिवाय आतून पाइप गंजतो. काम झाल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासणार असाल, तर पत्र्यावर काळी टेप चिकटवून तिच्यावर नेम धरा. चकचकीत ॲल्युमिनियमवर तापमान खोटं, कमी दिसतं.