उत्तर : ६० खाटांचे रुग्णालय १५० खाटांचे करताना पर्यावरणीय आणि सामाजिक जोखमींचा आराखडा कसा करावा?

आपण विचारले आहे की जळगाव जिल्ह्यातील आपल्या कुटुंबाचे ६० खाटांचे खाजगी रुग्णालय १५० खाटांचे करायचे आहे, कर्ज देणाऱ्या बँकेने पर्यावरणीय व सामाजिक जोखमींचा आराखडा मागितला आहे, आणि तो सल्लागाराकडून लिहून घेतला तर पुरेल का. मी अनेक वर्षे खानदेशातील खाजगी रुग्णालयांत प्रशासनाचे काम करीत आलो आहे आणि अशा विस्तारातून दोनदा गेलो आहे. सल्लागार अवश्य घ्या, मोजमापे आणि अर्ज तो नीट करील. परंतु आराखड्याचा मजकूर आपल्या जुन्या इमारतीतूनच निघाला पाहिजे, कारण आज ६० खाटांना जे कसेबसे निभावते तेच १५० खाटा झाल्यावर अंगावर येते. वास्तुविशारदाचा नकाशा पक्का होण्यापूर्वी एक पूर्ण दिवस काढा. पाणी कोठून येते आणि कोठे जाते, कचऱ्याची पिशवी कोणाच्या हातातून कोठे पोहोचते, हे त्यांच्या मागे चालून पाहा.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण आपल्या भागात पहिली अडचण तेथेच येते. भारतीय मानकाप्रमाणे १०० खाटांपर्यंतच्या रुग्णालयाला, कपडे धुण्यासह, दर खाटेमागे रोज ३४० लिटर पाणी धरतात आणि १०० हून अधिक खाटा असल्यास ४५० लिटर. या हिशेबाने ६० खाटांना २०,४०० लिटर लागतात आणि १५० खाटांना ६७,५०० लिटर. खाटा अडीचपट झाल्या तरी पाणी सव्वातीनपटीहून अधिक होते, आणि खाटांच्या प्रमाणात टाकी वाढवणारे येथेच चुकतात. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात ही सगळी तूट बोअरवर आणि टँकरवर जाते. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात उपशामुळे भूजल किती खोल गेले आहे, हे आपल्याला सांगायला नको. रुग्णालयाने नवा खोल बोअर घेतला आणि त्याच उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीतला बोअर आटला, तर खरे कारण काहीही असो, बोट रुग्णालयाकडेच दाखवले जाते. म्हणून बोअर घेण्याआधी शेजारच्या विहिरी आणि बोअर यांची पाणीपातळी मालकांसमक्ष मोजून लिहून ठेवा, गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण नकाशातच दाखवा, आणि डायलिसिस सुरू करणार असाल तर त्याचा हिशेब वेगळा धरा. डायलिसिसच्या यंत्रातून मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्राव वाहतो, म्हणजे चार तासांच्या एका रुग्णामागे १२० लिटर शुद्ध पाणी. ते शुद्ध करताना आरओमधून जे पाणी टाकाऊ म्हणून निघते, तेही बरेच असते. त्यासाठी निराळी टाकी आणि संडासांच्या फ्लशपर्यंत निराळी नळवाहिनी आरंभीच टाकली तर खर्च थोडा येतो. फरशा बसल्यानंतर ते काम कोणी करीत नाही.

वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होते, म्हणजे आपल्याकडे रोज ५४,००० लिटर. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा यांवर ते भागणार नाही. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि पाणी जिरवून घेत नाही. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे संयंत्र, लागेलच, आणि प्रयोगशाळा, शस्त्रक्रियागृह व धुलाई यांच्या पाण्यासाठी वेगळी पूर्वप्रक्रिया लागेल. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत बाहेर सोडायच्या पाण्याची मानके दिली आहेत : सामू ६.५ ते ९, बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत, सीओडी (तीच घाण रसायनाने संपवायला लागणारा प्राणवायू) २५०, तरंगते घन पदार्थ १००, तेल आणि ग्रीस १०. त्याखेरीज एक अट अशी आहे की त्या पाण्यात सोडलेल्या माशांपैकी ९० टक्के मासे ९६ तासांनंतर जिवंत असले पाहिजेत. डॉक्टर मंडळींना बीओडीचे आकडे लवकर भिडत नाहीत, माशांची अट मात्र चटकन समजते, असा माझा अनुभव आहे.

एसटीपी बसवला म्हणजे काम झाले असे धरू नका. मी ज्या रुग्णालयात होतो तेथील एसटीपीची टाकी महिनाभर बिघडलेली होती. चालू टाकीतले पाणी तपकिरी दिसते आणि त्याला ओल्या मातीसारखा वास असतो. आमच्या टाकीवर करडे पाणी आणि पांढरा फेस होता, आणि वास असा की शेजारचे लोक खिडक्या उघडत नसत. कंपनीचा तंत्रज्ञ दोनदा पंप बदलून गेला. शेवटी एका रात्री मी आणि आमचे प्लंबर वॉर्डात बसून राहिलो. पहाटे चारच्या सुमारास प्रत्येक मजल्यावर फरशी पुसून झाल्यावर उरलेले हायपोचे (सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचे) पाणी, बादल्याच्या बादल्या, मोरीत ओतले जात होते. सांडपाण्यातील घाण खाणारे जिवाणू हायपोने मरतात, आणि जिवाणू मेले की एसटीपी म्हणजे नुसता हौद उरतो. कामगारांचा यात काही दोष नव्हता. कमी हायपो वापरा असे त्यांना कोणी सांगितले नव्हते, उलट जास्त वापरल्याबद्दल शाबासकीच मिळत असे. आम्ही हायपो मोजून देण्यासाठी एकाच मापाची भांडी ठेवली, प्रयोगशाळेचे निर्जंतुक केलेले पाणी वेगळ्या टाकीत घेऊन क्लोरिन उतरल्यावरच पुढे सोडू लागलो, आणि काही आठवड्यांनी टाकीचा रंग परत आला. आपल्या नकाशात ही वेगळी टाकी आणि तिच्यापर्यंतची वेगळी नळवाहिनी आत्ताच मागा.

कचऱ्याचे नियम आपल्याला ठाऊक असतील : पिवळी, लाल, पांढरी आणि निळी अशी वर्गवारी, पिशव्यांवर बारकोड, प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा अधिक ठेवायचा नाही, ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असेल तर आवारात स्वतःची भट्टी लावायची नाही, आणि दरवर्षी ३० जूनपर्यंत वार्षिक अहवाल द्यायचा. खानदेशापुरते मी एवढेच जोडीन की भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, ४८ तास फार होतात. पिवळ्या पिशवीतले अवयव आणि प्रसूतीनंतर पडणारी वार यांच्यासाठी फ्रीझर ठेवा, कचऱ्याची खोली पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवू नका, आणि केंद्राच्या गाडीची फेरी चुकली तर काय करायचे हे करारातच लिहून घ्या.

आता एक प्रसंग सांगतो, कारण त्यानंतरच मला हा विषय खऱ्या अर्थाने कळला. आमच्याकडे विस्ताराचे काम चालू असताना सफाईचे काम ठेकेदाराकडे दिले होते. एका सकाळी जिन्याखालची साधी काळी पिशवी उचलताना एका मावशींच्या मांडीत सुई घुसली. सुई पांढऱ्या डब्यात असायला हवी होती. नवा वॉर्ड घाईत सुरू केल्यामुळे त्या मजल्यावर डबाच पोहोचला नव्हता. मावशींनी पदराने रक्त पुसले आणि दुपारपर्यंत कोणाला सांगितले नाही, कारण सांगितले तर ठेकेदार खाडा लावील अशी त्यांना भीती होती. सुई टोचल्यावर एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू करायचे असते, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. औषध आमच्याच इमारतीत होते. त्यांचे हिपॅटायटिस बीचे लसीकरणही झालेले नव्हते. नियम सर्व हाताळणाऱ्यांचे लसीकरण मागतो, पण आमच्या यादीत फक्त आमच्या पगारपत्रकावरची माणसे होती. मावशींना पुढे काही झाले नाही, तरी ते तपासाचे महिने त्यांनी कसे काढले ते मी पाहिले आहे. म्हणून ठेकेदाराच्या माणसांची नावे आपल्या यादीत घ्या, लशीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात हे धरून भरती झाल्याबरोबर पहिला डोस द्या, आणि टोचल्याचे सांगणाऱ्याची मजुरी कापली जाणार नाही हे ठेक्याच्या करारात घाला.

बांधकाम चालू असताना रुग्ण आतच असतात, हे रुग्णालयाच्या विस्ताराचे वेगळेपण आहे. जुनी भिंत फोडली की धुळीबरोबर ॲस्परजिलससारख्या बुरशीचे कण उडतात, आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्या अतिदक्षता विभागातील रुग्णाला ते जिवावर बेतू शकतात. एप्रिल-मेमधला आपला कोरडा वारा ही धूळ कोठेही नेतो. ताडपत्री पुरत नाही. जमिनीपासून छतापर्यंत बंद पडदी, मजुरांचा वेगळा जिना, ओले करून फोडकाम आणि त्या बाजूच्या एसीची हवा बंद, एवढे हवेच. जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. ते फोडू नयेत, भिजवून अखंड उतरवावेत. पायासाठी काळ्या जमिनीत खोल खोदण्यापूर्वी शेजारच्या घरांच्या भिंतींचे, विशेषतः आधीच असलेल्या तड्यांचे, घरमालकांसमोर फोटो काढून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. जनरेटर निवासी बाजूस ठेवू नका, आणि त्याचा धुराडा इमारतीच्या वर किती न्यायचा याचे सूत्र आहे : जनरेटरची क्षमता जितकी केव्हीए असेल त्या आकड्याच्या वर्गमुळाला ०.२ ने गुणा, उत्तर मीटरमध्ये येते. २५० केव्हीएसाठी हे सव्वातीन मीटरच्या जवळ येते.

आगीविषयी माझे मत कठोर आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात लागलेल्या आगीत १० बाळे गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत किमान ११ रुग्ण गेले. आणि त्याआधी २१ एप्रिलला नाशिकला प्राणवायूच्या टाकीची गळती झाल्याने वीसहून अधिक रुग्ण दगावले. विस्तारात नवे एसी आणि नवी यंत्रे जुन्या वायरिंगवर टांगण्याचा मोह होतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात एसी चोवीस तास चालतात. नव्या भागाला स्वतंत्र भार मंजूर करून घ्या, जुन्या भागाची विद्युत तपासणी करा, आणि २००६ च्या महाराष्ट्र अग्निशमन कायद्याखालील फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, जानेवारी आणि जुलैमध्ये देताना परवानाधारक संस्थेबरोबर स्वतः मजले फिरा. काम चालू असताना एकही बाहेर पडायची वाट सिमेंटच्या गोण्यांनी अडलेली नसावी.

बांधकामाचे मजूर बहुधा सातपुड्यातले किंवा सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातले असतात आणि कुटुंबासह येतात. त्यांना संडास, पिण्याचे पाणी, मुलांना सावलीची जागा आणि मे महिन्यात दुपारी बारा ते चार काम बंद, हे ठेकेदाराच्या करारात आणि दरात असावे. बांधकाम कामगार मंडळात त्यांची नोंदणी आणि १ टक्का उपकर हेही पाहा.

सामाजिक जोखीम म्हटले की बँकेचा माणूस तक्रारपेटी विचारतो. पेटी लावाच, पण आपले रुग्ण पाहा. चोपडा, यावल, रावेरकडून पावरा आणि तडवी कुटुंबे येतात, काही नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडून. संमतीपत्र मराठीत असते, अंगठा उमटतो, आणि शस्त्रक्रिया कशाची झाली हे पुष्कळदा घरी जाईपर्यंत कळलेले नसते. पावरी आणि अहिराणी बोलणाऱ्या दोन-तीन मुली मदत कक्षात नेमा. त्यांचा पगार हा जोखीम कमी करण्याचा सर्वांत स्वस्त खर्च आहे. शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद लावावी लागते. ती वाचून दाखवणारे माणूसही असावे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत आपण असाल, तर वाढीव खाटांपैकी किती त्या रुग्णांसाठी राहतील हे आराखड्यात आकड्यानिशी लिहा. नातेवाईक आज फाटकाबाहेरच्या निंबाखाली झोपतात; ते झाड पार्किंगसाठी तोडले जाणार असेल, तर त्यांची सोय आधी ठरवा, आणि तेथे चहा-नारळ विकणाऱ्यांशीही पोलिसांआधी आपण स्वतः बोला.

परवानग्यांबद्दल थोडक्यात. प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना-संमती बांधकामापूर्वी आणि चालविण्याची संमती रुग्ण घेण्यापूर्वी लागते. जैववैद्यकीय कचऱ्याचा प्राधिकार नव्या खाटांप्रमाणे बदलून घ्यावा लागतो. नव्या एक्स-रे व सीटीसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक झाले तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरीही लागते आणि त्यात जुने बांधकाम धरले जाते. १५० खाटांना आपण त्याच्या बरेच खाली असाल, पण वसतिगृह किंवा नर्सिंग कॉलेज मनात असेल तर आजच बेरीज करा. लगतचा भूखंड घेताना सातबारा मागपर्यंत वाचा. भोगवटादार आदिवासी असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय ती बिगर-आदिवासीस घेता येत नाही, आणि मध्ये एखादा जुना व्यवहार झालेला असला तरी तो तपासल्याशिवाय इसार देऊ नका.

आराखडा लिहिताना प्रत्येक कामापुढे करणाऱ्या माणसाचे नाव, तारीख आणि रक्कम लिहा, आणि ती रक्कम कर्जाच्या प्रकल्प खर्चातच धरा. एसटीपी चालवणाऱ्याचा पगार, पाण्याच्या दरमहा तपासण्या, लसी, मदत कक्षातील मुली हे सर्व चालू खर्च आहेत. पहिल्या वर्षी त्यांच्यासाठी पैसे बाजूला ठेवलेले नसतील तर दुसऱ्या वर्षी सर्वांत आधी तेच कापले जातात. मी पाहिलेल्या दोन विस्तारांपैकी एकात ते धरलेले नव्हते, आणि तेथला एसटीपी दीड वर्षात बंद पडला.