ओसरीतले देवळाचे खांब : पाडण्याआधी काय कराल?

प्रश्न : मराठवाड्यातल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीला चार कोरीव हेमाडपंती खांब आहेत, ओट्याच्या पायरीत वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड) बसवलेला आहे. पणजोबांच्या आधीपासून ते तिथेच आहेत. आता घर पाडून नवे बांधायचे आहे. एक जण खांबांचे रोख पैसे देतो म्हणतो, तर गावकरी म्हणतात, दगड देवळाचे, देवळाला द्या.

उत्तर : दगड बांधकामात आहेत तोवर ते स्थावर मिळकतीचा भाग आहेत. ताबा पिढ्यानपिढ्या तुमचा असल्यामुळे मालकी नाही हे सिद्ध करण्याचा भार दावा सांगणाऱ्यावर पडतो. खांब उपटून अंगणात आडवा केला की मात्र तो जंगम होतो आणि चोरीच्या तक्रारीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. म्हणून नमुना ८ (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीचा) चा उतारा आणि असल्यास मिळकत पत्रिका आधीच काढा. प्रत्येक दगडाचे जागेवरच, बाजूला मोजपट्टी धरून, चारही बाजूंनी दिसेल तितके फोटो घ्या. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि दोन पंचांसमोर पंचनामा करून घ्या.

विक्रीबाबत फार सावध राहा. इमारतीपासून सुटी झालेली शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या केंद्रीय कायद्याने पुरावस्तू ठरते. त्यातल्या दगडी शिल्पांची नोंदणी सक्तीची आहे, आणि मनुष्याकृती कोरलेला वीरगळ त्यात येतो. नोंदणी राहिली असेल तर आता अर्ज करा. छत्रपती संभाजीनगर इथल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात नोंदणी अधिकाऱ्याची चौकशी करा. नोंदणी न केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, शिवाय वस्तू जप्त होऊ शकते. नोंदलेली वस्तू दुसऱ्याला देताना तसे कळवावेच लागते. रोखीने, पावतीशिवाय घेणाऱ्याला नाही म्हणा : असा माल देशाबाहेर जातो, आणि खासगी व्यक्तीला तो बाहेर पाठवण्यास पूर्ण बंदी आहे.

जवळ केंद्र-संरक्षित स्मारक आहे का, तेही पाहा. त्यापासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते.

पाडताना जेसीबी लावू नका. आधी टेकू द्या, मग छप्पर, तुळया, खांबावरचे हस्त (तुळईला आधार देणारे दगड), आणि शेवटी खांब काढा. वरचा भार एकदम निघाला की खांब कलतो आणि तळाच्या बैठकीजवळ तुटतो. क्रमांक खडूने घाला, तैलरंगाने नको. भिंतीत किंवा पायात दडवलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना शक्य तितक्या लवकर लेखी कळवावे लागते. मजुरांनाही हे आधीच सांगून ठेवा.

माझे मत विचाराल तर खांब नव्या ओसरीतच उभे करा. वीरगळ मात्र पायरीतून काढून भिंतीला लावा. पाय पडून कोरीव काम झिजते. गावाशी तंटा नको असेल, तर वीरगळ देवळाच्या आवारात ठेवायला लेखी करारावर द्या, पण हस्तांतर कळवल्यानंतरच.